दोहराई

स्वातंत्र्यदिन किंवा प्रजासत्ताक दिन जवळ आला, की नागपूरच्या धरमपेठेतले कुठले ना कुठले मंडळ कर्नलकाकांकडे भाषणाचे आमंत्रण घेऊन जात असे, आणि चहा पिऊन, नकार घेऊन परत येत असे. युद्धातला एखादा प्रसंग सांगा, मुलांना स्फूर्ती मिळेल, असे मंडळाच्या लोकांचे म्हणणे असे. काकांचे उत्तर ठरलेले होते. भाषणाने आलेली स्फूर्ती संध्याकाळपर्यंत उतरते. त्यापेक्षा मुलांना रविवारी पहाटे साडेपाचला माझ्या व्हरांड्यात पाठवा, मी त्यांना नकाशा वाचायला शिकवतो. मंडळाच्या लोकांना या उत्तरात थोडा अपमान वाटत असावा, कारण मुले फारशी येत नसत. जी येत, त्यांतली मी एक होते.

त्यांचे नाव मी येथे लिहीत नाही. स्वतःच्या घराच्या पाटीवरही ज्यांनी नावाआधी हुद्दा लावू दिला नाही, त्यांना ते आवडले नसते. पोस्टमनपासून कोपऱ्यावरच्या संत्रीवाल्यापर्यंत सगळे त्यांना कर्नलसाहेब म्हणत आणि आम्ही विद्यार्थी कर्नलकाका म्हणत असू. त्यांना जाऊन आता तीन वर्षे होत आली. या काळात त्यांच्याविषयी लिहायला मी अनेकदा बसले आणि प्रत्येक वेळी शौर्याचे काहीतरी लिहावे लागेल या धास्तीने उठले. कारण त्यांच्या शौर्याविषयी मला आजही जवळजवळ काहीच ठाऊक नाही. मला ठाऊक आहे तो त्यांचा वर्ग.

ते मुळात गणिताचे मास्तर होते. नागपूर विद्यापीठाची पदवी घेऊन महाल भागातल्या एका शाळेत त्यांनी दोन वर्षे आठवी-नववीला बीजगणित शिकवले होते. १९६२ च्या चीनच्या युद्धानंतर फौजेला तरुण अधिकाऱ्यांची तातडीने गरज भासली, इमर्जन्सी कमिशन, म्हणजे अधिकारीपदाच्या तातडीच्या नेमणुका, द्यायला सुरुवात झाली आणि १९६३ च्या जानेवारीत मद्रासला त्यासाठी ऑफिसर्स ट्रेनिंग स्कूल उघडले. देशभरातले पदवीधर, कारकून आणि मास्तर तिथे जाऊन दाखल झाले, त्यांत आमचे काकाही होते. अशा अधिकाऱ्यांपैकी अनेकांना पुढे काही वर्षांनी मोकळे करण्यात आले. काकांना मात्र फौजेने ठेवून घेतले. पायदळात अठ्ठावीस वर्षे काढून, एका पलटणीचे नेतृत्व करून, १९९१ मध्ये ते कर्नल म्हणून निवृत्त झाले आणि वडिलांनी बांधलेल्या धरमपेठेतल्या घरात राहायला आले.

फौज सोडली आणि शिकवायला लागले, असे त्यांच्याविषयी बोलले जाई, तेव्हा ते वाक्य त्यांना मान्य होत नसे. पलटणीत गोळीबाराचे दिवस मोजकेच असतात, उरलेली सगळी वर्षे शिकण्या-शिकवण्यातच जातात, असे ते सांगत. प्रशिक्षणाला फौजेत ‘सिखलाई’ म्हणतात आणि शिकवणाऱ्या हवालदाराला ‘उस्ताद’. नवा लेफ्टनंट विद्यापीठाचा पदवीधर असला, तरी रायफल उघडून जोडायला त्याला त्या उस्तादाकडूनच शिकावे लागते. जवानाला बढती हवी असेल, तर फौजेच्या शिक्षणाच्या परीक्षा द्याव्या लागतात आणि नकाशावाचनाचीही परीक्षा असते. त्यामुळे चाळिशीला आलेला नाईक रात्री बराकीत दिव्याखाली भागाकार घोटताना दिसतो. शिकवण्यासाठी फौजेची स्वतंत्र कोअर, म्हणजे शाखा, आहे आणि तिचे केंद्र पचमढीला आहे. विदर्भातल्या माणसाला पचमढी म्हटले की महादेवाची यात्रा आणि चौरागडाचे त्रिशूळ आठवतात. काका तिथे एका अभ्यासक्रमासाठी राहून आले होते, आणि यात्रेला निघालेल्या शेजाऱ्यांना ते हसून सांगत, “तुम्ही महादेवाला जाता, मी तिथं मास्तरांच्या मास्तरांना भेटून आलो.”

त्यांचा वर्ग कसा चाले, ते नीट सांगायला हवे. व्हरांड्यात एक फळा, एका कोपऱ्यात लाकडी चौकटीत भरलेली कन्हान नदीची रेती आणि भिंतीवर सर्व्हे ऑफ इंडियाचा ५५ ओ/४ क्रमांकाचा नकाशा. या एका कागदावर सगळे नागपूर मावते, प्रमाण एकास पन्नास हजार, म्हणजे नकाशावरचे दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. फौजेतला उस्ताद हत्याराचा पाठ ज्या क्रमाने घेतो, त्याच क्रमाने काका सगळे शिकवत, मग विषय त्रिकोणमिती असो, की इंग्रजीतली क्रियापदे. आधी ‘शुरू-शुरू का काम’, म्हणजे हजेरी आणि सामानाची तपासणी. मग ‘दोहराई’, म्हणजे मागच्या पाठाची उजळणी. मग ‘पहुँच’, म्हणजे आजच्या विषयापर्यंत मुलांना आणून सोडणे, त्यानंतर उद्देश, सामान आणि पाठाचे भाग. प्रत्येक भागात आधी बयान, मग नमुना, आणि मग मुलांनी स्वतः करून पाहायचे. हे हिंदी शब्द त्यांनी कधी मराठीत आणले नाहीत. ‘उजळणी’ हा शब्द तुम्हाला चालत नाही का, असे एकदा मी विचारले, तेव्हा ते म्हणाले, “उजळणी घरी करायची असते. दोहराई चारचौघांत, मोठ्यानं.”

दोहराई कधी दहा मिनिटांत संपत असे, तर कधी सगळा वर्ग खाऊन टाकत असे. एकाही मुलाला मागचे आले नाही, तर काका पुढचा पाठ सुरू करत नसत. पोलीस भरतीची तयारी करणारी, परीक्षा तोंडावर आलेली मुले यावर वैतागत, त्यांतली काही सोडून जात, आणि ती गेली याचे काकांना वाईट वाटे. पण पद्धत बदलावी असे त्यांना वाटत नसे. शिकवणीच्या बाजारात हा माणूस एक महिना टिकला नसता, असे माझे स्पष्ट मत आहे. ते फी घेत नसत, म्हणून टिकले.

मला सगळ्यात लख्ख आठवतो तो झिरो माईलचा पाठ. नागपूरच्या माणसाला लहानपणापासून सांगितलेले असते, की तो दगड म्हणजे भारताचा मध्य. काकांनी आम्हा नऊ जणांना पहाटेच तिथे नेले आणि एकच काम दिले, की दगडावर जे लिहिले आहे तेवढेच वहीत उतरवून काढा, ऐकलेले काही लिहू नका. आम्ही उतरवले. हैदराबाद, चांदा, जबलपूर, सिवनी, छिंदवाडा अशा गावांची अंतरे होती, १९०७ हे साल होते आणि समुद्रसपाटीपासूनची उंची होती, १०२०.१७१ फूट. “यात मध्य कुठे लिहिलाय?” काकांनी विचारले. आम्ही पुन्हा पुन्हा दगडाभोवती फिरलो. मग त्यांनी समजावले, की ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हेच्या, म्हणजे इंग्रजी अमदानीतल्या देशाच्या मोजणीच्या, लोकांनी ही उंचीची खूण पक्की केली, जेणेकरून आसपासच्या प्रदेशातली प्रत्येक उंची तिच्यापासून मोजता यावी. आणि फुटाच्या हजाराव्या भागापर्यंत उंची देणारा माणूस दगडावर जे लिहीत नाही, ते त्याच्या तोंडी घालू नये. एका मुलाने मोठ्या कळकळीने विचारले, “मग आपलं नागपूर मधात नाही का, काका?” त्यावर काका अस्सल नागपुरी बोलीत म्हणाले, “असंन बाप्पा, पण या दगडानं तुले तसं सांगतलं का?” तेवढे एक वाक्य सोडले, तर ते वर्गात नेहमी प्रमाण मराठी बोलत आणि पंधरा वर्षांच्या मुलालाही ‘तुम्ही’ म्हणत. परतताना सीताबर्डीवर आम्हाला तर्री-पोहे मिळाले, आणि पैसे देताना हिशेब आमच्याकडूनच करून घेण्यात आला.

रेतीच्या चौकटीत त्यांनी सीताबर्डीच्या दोन टेकड्या उभ्या केल्या होत्या, मोठी आणि छोटी. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ या दोन दिवसांत भोसल्यांची फौज आणि ईस्ट इंडिया कंपनीची फौज तिथे लढली. संख्येने कितीतरी मोठी असूनही भोसल्यांची बाजू का हरली, हे आम्हाला टेकड्यांच्या उतारांवरून शोधायला लावले होते. आमच्यातल्या एकाने फितुरी हे उत्तर दिले. काकांनी ते खोडले नाही. फक्त म्हणाले, की फितुरी रेतीत दाखवता येत नाही, आधी जे दाखवता येते ते दाखवा.

दोहराईचा एवढा हट्ट का, हे त्यांनी एकदाच सांगितले, तेही युद्धाची गोष्ट म्हणून नव्हे. त्या दिवशी विषय होकायंत्राचा होता. एक अंशाची चूक एका किलोमीटरला सुमारे साडेसतरा मीटर बाजूला नेते, असे फळ्यावर मांडून त्यांनी विचारले, की सहा अंश चुकलात आणि आठ किलोमीटर चाललात, तर कुठे पोहोचाल. आम्ही गणित केले, उत्तर आले आठशे चाळीस मीटर. “मी तिथे पोहोचलो होतो,” ते म्हणाले. नोकरीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी राजस्थानात रात्रीचा सराव होता. तीस जवानांची तुकडी घेऊन त्यांना वाळूतून एका विहिरीपर्यंत जायचे होते. गणिताचे मास्तर असल्याने दिशांची आकडेमोड चोख होती. पण होकायंत्र डोळ्यासमोर धरताना गळ्यातली स्टेनगन छातीवरच लटकत होती आणि तिच्या लोखंडाने सुई ओढली जात होती. मागून चालणाऱ्या वयस्कर सुभेदारसाहेबांनी ध्रुवताऱ्याकडे पाहून ते केव्हाच ओळखले होते. तीस जवानांसमोर नव्या साहेबाची चूक दाखवणे त्यांना शोभले नसते, आणि गप्प बसणेही. दोन तास चालल्यावर थांबलेल्या तुकडीत ते हळूच पुढे आले आणि म्हणाले, “साब, एक बार दोहराई कर लें?” काकांनी हत्यार बाजूला ठेवून पुन्हा दिशा पाहिली, घामाघूम झाले आणि तुकडी वळवली. विहिरीवर पोहोचायला पहाट झाली. सुभेदारसाहेबांनी तो विषय पुन्हा कधीही काढला नाही.

हा प्रसंग ऐकल्यावर आम्ही सगळे गप्प होतो. आता काका काहीतरी तात्पर्य सांगतील असे वाटत असताना त्यांनी फळा पुसला आणि हात लांब करून मूठ आडवी धरायला लावली. एका मुठीची रुंदी डोळ्यासमोर साधारण दहा अंश भरते. नागपूरचा अक्षांश एकवीस, म्हणून इथे ध्रुवतारा उत्तर क्षितिजापासून दोन मुठींच्या किंचित वर सापडतो. त्या रात्री मी गच्चीवर जाऊन मुठी मोजल्या. अजूनही मोजते.

त्यांचे दोष झाकून लिहिले, तर तो अन्याय होईल. राग नाकावर असे आणि वेळेच्या बाबतीत ते निष्ठुर होते. साडेपाचला फाटकाला कडी लागत असे, मग बाहेर कोणीही असो. मे महिन्यात नागपूरचा पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, कूलरची घरघर रात्रभर थांबत नाही, झोप लागते तीच पहाटे. तरी वेळ बदलत नसे. एकदा पाचपावलीहून सायकलने येणारा एक मुलगा सात मिनिटे उशिरा आला, आणि काकांनी त्याला फाटकातूनच सगळ्यांसमोर फटकारून परत पाठवले. त्याच्या आईला रात्री दवाखान्यात भरती केले होते आणि तो तिथून थेट वर्गाला आला होता, हे आम्हाला दुपारी कळले. काकांना कळले तेव्हा ते भर उन्हात सायकल काढून पाचपावलीला गेले. त्या मुलाची त्यांनी त्याच्या वडिलांसमोर, उभे राहून, माफी मागितली, असे तो मुलगाच पुढे सांगत असे. पुढच्या रविवारी आम्ही गेलो, तर फाटकाबाहेर, कडुनिंबाखाली, सिमेंटचा एक बाक बसवलेला होता. नवा नियम असा झाला, की कडी साडेपाचलाच लागेल. पण उशिरा येणाऱ्याने परत जायचे नाही, बाकावर बसून कुंपणापलीकडून वर्ग ऐकायचा. त्याला प्रश्न विचारता येणार नाही, मात्र दोहराईत त्याचे नाव पुकारले, तर बाहेरूनच उत्तर द्यावे लागेल. कडी लावायची नाही हे काही त्यांना सुचले नाही. त्या बाकावर मी बऱ्याचदा बसले आहे.

१९९२ मध्ये फौजेने वैद्यकीय शाखांच्या बाहेरही स्त्रियांना कमिशन द्यायला सुरुवात केली, ती बातमी मला काकांनी वर्तमानपत्राचे कात्रण देऊन सांगितली. एनसीसीचे ‘सी’ सर्टिफिकेट माझ्याकडे होते. पुढची दोन वर्षे त्यांनी माझ्याकडून तयारी करून घेतली आणि मी एसएसबीला, म्हणजे फौजेच्या अधिकारी निवडीच्या चाचणीला, गेले. पाच दिवस छातीवर नंबर लावून धावले, बोलले, चित्रे पाहून गोष्टी लिहिल्या, आणि शेवटच्या दिवशी निवडलेल्यांच्या यादीत माझा नंबर नव्हता. रेल्वेतून उतरून मी घरी न जाता काकांकडे गेले. मला वाटले, ते पाठीवर हात ठेवतील. काकूंनी ठेवला. काकांनी पाणी दिले, आणि पुढच्या महिन्यात एक मुलगा जाणार आहे, त्याला मैदानावरचे अडथळे क्रमाने फळ्यावर काढून समजावून सांगा, म्हणाले. मी रडत रडत ते अडथळे काढले. या गोष्टीत पुष्कळांना काकांचे मोठेपण दिसते. मला मात्र आजही वाटते, की त्यांनी एक दिवस थांबायला हवे होते. तो मुलगा निवडला गेला, हे खरे.

मी भूगोलाची शिक्षिका झाले. आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात एनसीसीचे काम अंगावर घ्यायला कोणी तयार नव्हते, तेव्हा मी हो म्हटले. अशा शिक्षकांना फौजेच्या पद्धतीचे प्रशिक्षण घ्यावे लागते. पुरुषांना ते आपल्या शेजारी कामठीच्या अकादमीत मिळते, स्त्रियांसाठी ग्वाल्हेरची अकादमी. काकांची शेवटची नेमणूक कामठीचीच होती. तिथे येणारे प्राध्यापक, कोणी संस्कृतचे, कोणी रसायनशास्त्राचे, पस्तिशी-चाळिशीत पोट सुटलेले, अठ्ठावीस वर्षांच्या हवालदारापुढे सावधान उभे राहून उजवा-डावा करताना त्यांनी पाहिले होते. त्या दिवसांत प्राध्यापकांच्या चेहऱ्यावर जो गोंधळ असतो, तो त्यांच्या वर्गातल्या सगळ्यात मागच्या बाकावरच्या मुलाचा असतो, आणि तो स्वतः चाखल्याशिवाय कोणाला शिकवायला पाठवू नये, असे काकांचे मत होते. ग्वाल्हेरच्या मैदानावर पहिल्या आठवड्यात माझी दिशा तीनदा चुकली आणि उस्तादांनी तीनदा रांगेबाहेर काढले, तेव्हा मला त्यांचे म्हणणे कळले.

जानेवारीत एकदा ते आम्हाला एसटीने हिंगणघाटला नेत. विल्यम लँबटन नावाचा फौजी तिथे पुरला आहे, हे हिंगणघाटच्याही पुष्कळ लोकांना ठाऊक नसते. १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा, म्हणजे सगळ्या मोजणीचा आधार असलेली पहिली रेषा, मोजून ज्याने हिंदुस्थानची त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली, तो हा माणूस, सर्व्हेचे ठाणे हैदराबादहून नागपूरला हलवताना वाटेतच, २० जानेवारी १८२३ रोजी, सत्तरीच्या घरात असताना वारला. अमेरिकेच्या युद्धानंतर कॅनडात बराकींची देखभाल करण्याच्या कामावर असताना त्याने गणित आणि भूमापनाचा अभ्यास एकट्याने केला होता, आणि आयुष्यातले मोठे काम पन्नाशीच्या उंबरठ्यावर हाती घेतले. १८०८ मध्ये तंजावरच्या मंदिराच्या शिखरावर चढवताना त्याचे अर्ध्या टनाचे थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचे यंत्र, आपटून वाकले, तेव्हा तंबूत स्वतःला कोंडून घेऊन, सहा आठवडे खपून, त्याने ते स्वतःच्या हाताने सरळ केले. काका हा भाग दर वर्षी नव्याने सांगत आणि दर वर्षी त्यांचा आवाज थोडा बदलत असे. ही सगळी मोजणी कंपनीच्या राज्यासाठी आणि महसुलासाठी होती, हेही ते त्याच दमात सांगत. एका मुलीने विचारले, की मग आपण त्याच्या थडग्याला नमस्कार का करायचा. “नमस्कार करू नका, अंतर मोजा,” असे म्हणून त्यांनी आम्हाला पावलांनी रस्त्यापर्यंतचे अंतर मोजायला लावले.

दुसरा त्यांचा आवडता माणूस म्हणजे सुभेदार रामजी सकपाळ. दीक्षाभूमीच्या शहरात राहून बाबासाहेबांचे वडील कोण होते, हे सांगता न येणाऱ्या मुलाला त्यांच्या वर्गात धडगत नसे. रामजी पुण्याच्या लष्करी अध्यापन-शाळेत शिकून शिक्षक झाले आणि महूच्या लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते. १८९१ मध्ये बाबासाहेबांचा जन्म तिथलाच. पलटणीतल्या शाळेने एका अस्पृश्य घरात पुस्तके आणली, हे सांगताना काका पुढचेही सांगत, की त्याच इंग्रजांनी पुढे महारांची फौजभरती बंद केली, आणि रामजींनी त्याविरुद्ध दाद मागितली. फौजेचे त्यांनी कधी आंधळे कौतुक केले नाही. त्या एका शाळामास्तराविषयी मात्र ते म्हणत, की इतके चांगले निकाल कोणत्याच जनरलने दिले नाहीत.

एकाहत्तराव्या वर्षी त्यांनी मोडी शिकायला घेतली. भोसल्यांच्या काळातली कागदपत्रे स्वतः वाचायची होती, रेतीतल्या टेकड्यांवरून त्यांचे समाधान होत नव्हते. शिकवणारी मुलगी इतिहासात संशोधन करणारी, चोवीस वर्षांची. ती आली की ते उभे राहत आणि तिला ‘उस्ताद’ म्हणत. पहिल्या दिवशी ती इतकी अवघडली, की तिने परत येणार नाही असे काकूंना सांगितले होते. मोडीत आधी सलग शिरोरेषा ओढून घेतात आणि मग तिच्याखाली हात न उचलता अक्षरे लिहीत जातात. नियमाने चालणाऱ्या काकांचा हात प्रत्येक अक्षराला थांबत असे, आणि ती मुलगी म्हणे, “काका, तुम्ही परेड करताय, चालत नाही आहात.” दुरेघी वही घेऊन, जीभ दाताखाली धरून, रोज दोन पाने ते गिरवत. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नाही, हे कळल्यावर ते एखाद्या पोरासारखे खुश झाले होते; शुद्धलेखनाच्या निम्म्या चुका जन्मालाच येत नाहीत, म्हणाले. दीड वर्षाने त्यांनी एक महसुली कागद पहिल्यांदा मदतीशिवाय वाचला. त्यात कुठल्या तरी गावच्या बैलांचा हिशेब होता. आम्हाला सगळ्यांना बोलावून त्यांनी तो मोठ्याने वाचून दाखवला, आणि आम्हाला पुढचा अर्धा तास त्या बैलांची बेरीज करावी लागली.

मार्च २०२० मध्ये सगळे बंद झाले, तेव्हा व्हरांडा पहिल्यांदाच रिकामा राहिला. ऐंशी ओलांडलेल्या काकांना दूधवाल्याच्या नातवाने फाटकाबाहेरच्या बाकावर बसून, कुंपणापलीकडून, मोबाइलवर वर्ग घ्यायला शिकवले. पहिल्या वर्गात आम्हाला फक्त त्यांचे कपाळ दिसत होते. दोहराई झाली.

ते गेले तो दिवस पावसाळी होता. घाटावर गर्दी मोठी नव्हती. निवृत्त फौजी होते, संत्रीवाला होता, पाचपावलीचा तो मुलगा आता पोलिसात आहे, तो वर्दीतच आला होता. कोणीतरी भाषण करायला पुढे झाले आणि काकूंनी हाताने थांबवले.

पुढच्या रविवारी वर्ग असेल की नाही, हे कोणी कोणाला विचारले नाही. मला रात्रभर झोप नव्हती, आणि पहाटे नेमकी लागली. मी पोहोचले तेव्हा पाच बत्तीस झाले होते. फाटकाला कडी होती. व्हरांड्यातला दिवा चालू होता, आत आठ-दहा जण दिसत होते, काकू घड्याळाखाली खुर्ची घेऊन बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिले, आणि उठल्या नाहीत. मी बाकावर जाऊन बसले. बाक ओला होता. आतून मोडी शिकवणाऱ्या मुलीचा आवाज आला, आता तीही चाळिशीकडे आली आहे. तिने हजेरी घेतली, मागच्या वेळी काय झाले होते ते विचारले, थोडा वेळ कोणीच बोलले नाही, आणि मग तिने माझे नाव पुकारले. मी कुंपणाकडे तोंड करून उभी राहिले आणि सांगायला लागले.